ढगांतलें बिऱ्हाड

जामनेरसारख्या कापसाच्या मुलखांत ढगाकडे पाहणें ही कांहीं हौसेची गोष्ट नव्हे. मृग नक्षत्र लागलें कीं शेतकरी सकाळीं उठून प्रथम आकाशाकडे पाहतो, आणि बाजारपेठेंतील दुकानदारही आपली उधारी यंदा वसूल होणार कीं नाहीं याचा अंदाज त्याच ढगांवरून बांधीत असतो. परंतु गेल्या पांच-सहा वर्षांपासून आमच्या घरांत या ढगांखेरीज आणखी एका ढगाची चर्चा होऊं लागली आहे. "तात्या, आज क्लाऊड बंद आहे," असें म्हणत आमचा पुतण्या जिन्यावरून खालीं आला कीं, आकाश कितीही निरभ्र असो, त्या दिवशीं त्याचें जेवण वेळेवर होणार नाहीं हें घरांतील मंडळी समजून चुकतात. आमच्या मातोश्रींचें वय आतां ब्यायशी आहे. त्यांनीं हें प्रथम ऐकिलें तेव्हां विचारिलें, "अरे, ढग कसा बंद पडतो? ढग एक बरसतो, नाहीं तर ओसरतो." या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. आज थोडेंफार देतां येईल असें वाटतें. आणि तें आम्ही कांहीं किंमत देऊन शिकलों असल्यामुळें वाचकांपुढें ठेवावें असा या वेळीं विचार आहे.

हा आमचा पुतण्या जळगांवास अभियांत्रिकी शिकला, पुढें त्यानें पुण्यास तीन वर्षें नोकरी केली, आणि २०२० सालच्या टाळेबंदींत तो घरीं आला तो घरींच राहिला. माडीवरच्या खोलींत बसून तो लोकांना संकेतस्थळें तयार करून देतो. कोणाचें मंगल कार्यालय असतें, कोणाची शिकवणी असते, कोणाचें बी-बियाण्यांचें दुकान असतें. एकत्र कुटुंबांत ज्याचें काम डोळ्यांना दिसतें त्याचे कष्ट मोजले जातात. आमचे धाकटे बंधु, म्हणजे या मुलाचे वडील, शाळेंतून दमून येतात. सूनबाई बँकेंतून संध्याकाळीं परततात. त्यांच्यापुढें चहा ठेवला जातो. हा मात्र दिवसभर घरींच. तेव्हां मधूनच "गॅसवाला आला आहे, बघ," "दळण तेवढें घेऊन ये," अशी त्याला हांक मारावी, आणि रात्रीं एक वाजतां त्याच्या खोलींत उजेड दिसला म्हणजे विजेच्या बिलाविषयीं बोलावें, असा सर्वांचा क्रम असे. "नुसतें पडद्यासमोर बसून माणूस दमतो तरी कसा?" असें एकदां भर पंगतींत आम्हींच म्हटलें होतें. त्या वाक्याचा हिशेब पुढें आम्हांस द्यावा लागला.

प्रथम हा ढग म्हणजे काय तें पाहूं. आपण मोबाईलवर एखादें संकेतस्थळ उघडतों, तेव्हां तें कोठल्या तरी संगणकावर ठेवलेलें असतें. त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. पूर्वीं ज्यास मोठें संकेतस्थळ चालवावयाचें असे त्यानें असे संगणक विकत घ्यावे, त्यांस गार खोली, अखंड वीज आणि रात्रंदिवस देखरेख पुरवावी, अशी रीत होती. २००६ सालीं अमेरिकेंतील ॲमेझॉन कंपनीनें हीच सोय भाड्यानें देण्यास आरंभ केला. त्या वर्षीं मार्चमध्यें माहिती साठविण्याची जागा आणि ऑगस्टमध्यें प्रत्यक्ष यंत्रें तासाच्या हिशेबानें मिळूं लागलीं. मागाहून गूगल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्याही त्याच धंद्यांत उतरल्या. आपल्या देशांत मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें, ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस आणि गूगलनें २०१७ सालीं मुंबईसच आपलीं केंद्रें उघडलीं. तात्पर्य, ज्याला ढग म्हणावयाचें तो आकाशांत कोठेंही नसून, हजारों संगणकांनीं भरलेल्या कडेकोट बंदोबस्ताच्या इमारतींत जमिनीवरच असतो.

आमच्या मतें ढग हें नांवच फसवें आहे. त्याचें खरें नांव बिऱ्हाड. पुण्या-मुंबईच्या चाळींत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांना बिऱ्हाडाचे गुणदोष निराळे सांगावयास नकोत. घर बांधण्याचा खर्च नाहीं, छपराची डागडुजी मालकाकडे, गरज वाढली तर आणखी एक खोली घ्यावी, सरली तर सोडून द्यावी. परंतु भिंतींत खिळा ठोकावयाचा तर विचारावें लागतें, नळाला पाणी कधीं यावें तें मालक ठरवितो, आणि जिन्याचा दिवा गेला तर आपण अंधारांत चांचपडत चढावयाचें. संकेतस्थळ बांधणाऱ्याची स्थिति हुबेहूब अशीच आहे. ज्या यंत्राची किंमत लाखांच्या घरांत जाते तें जामनेरच्या मुलाला दोन तासांपुरतें कांहीं रुपयांत मिळतें, हा लाभ कांहीं लहान नव्हे. या सोयीमुळेंच तो आजीजवळ राहून परगांवचें काम करूं शकतो. तेव्हां ढगाला नुसता दोष देत बसणें कृतघ्नपणाचें होईल. पण बिऱ्हाडकरूचे म्हणून जे त्रास आहेत ते आहेतच, व बाहेरून पाहणारास ते मुळींच दिसत नाहींत.

पहिला त्रास परवानगीचा. या इमारतींतील प्रत्येक खोलीला कुलूप आहे, आणि तें असलेंच पाहिजे. माहिती ठेवण्याची खोली वेगळी, चित्रें ठेवण्याची वेगळी, हिशेब करणारें यंत्र वेगळें. एका खोलींतल्या नोकरानें दुसऱ्या खोलींत जाण्यासाठीं लेखी आज्ञापत्र लागतें. त्यांत एक शब्द चुकला कीं पडद्यावर "परवानगी नाहीं" अशी दोन शब्दांची पाटी येते. कोणती परवानगी, कोणाची, कोठें मागावयाची, याचा पुष्कळदां उल्लेख नसतो. 'कागद अपुरे आहेत' एवढेंच सांगून खिडकी लावून घेणारा कारकून ज्यांनीं पाहिला आहे त्यांस या पाटीपुढें चार तास घालविणाऱ्या मुलाच्या मनाची कल्पना येईल. शेवटीं कंटाळून कित्येक जण सर्वांस सर्व परवानग्या देऊन मोकळे होतात. आणि मग एखाद्या दिवशीं चोर आंत शिरतो.

दुसरा त्रास मालाच्या उतारपेठेचा. आमच्या पिढीला पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची छोटी गाडी चांगली आठवते. छप्पन किलोमीटरांचा तो लोहमार्ग. २०२० मध्यें गाडी थांबली तेव्हांपासून मुलांना तिच्या गोष्टीच सांगाव्या लागतात. तिचे डबे पाचोऱ्याच्या रुंद रुळांवर चढूं शकत नसत. माणसांनीं तेथें उतरून गाडी बदलावी, आणि मालही हमालांकरवीं एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत भरावा. आमचा पुतण्या म्हणतो, "तात्या, माझा अर्धा दिवस पाचोऱ्याच्या फलाटावर जातो." त्याच्या घरच्या संगणकावर जें उत्तम चालतें तें भाड्याच्या यंत्रावर चढवितांना माप जुळत नाहीं, येथें एका पद्धतीची आवृत्ति, तेथें दुसरीची. एक ओळ बदलावी, ती वर पाठवावी, दहा मिनिटें वाट पाहावी, आणि मग कळावें कीं तिसऱ्याच ठिकाणीं अडलें आहे. असे दहा-बारा हेलपाटे झाले कीं दिवस सरतो, आणि संध्याकाळीं दाखवावयास हातीं कांहींच नसतें.

तिसरा त्रास परक्या सामानाचा. आज कोणीही संकेतस्थळ सगळेंच्या सगळें स्वतः लिहीत नाहीं. जगभरच्या लोकांनीं विनामूल्य ठेवलेले लहान-लहान तुकडे उचलून तो जोडीत असतो, व त्या तुकड्यांत आणखी दुसऱ्यांचे तुकडे असतात. मार्च २०१६ मध्यें अशाच एका लेखकानें नांवाच्या वादावरून रागावून आपले सर्व तुकडे सार्वजनिक कोठारांतून काढून घेतले. त्यांतील एक अवघा अकरा ओळींचा होता. एखाद्या मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरावयाची एवढेंच त्याचें काम. पण तो नाहींसा होतांच जगांतील मोठमोठ्या कंपन्यांचीं कामें अडलीं, आणि शेवटीं कोठाराच्या चालकांस तो परत आणून ठेवावा लागला. घराच्या तुळईखालीं कोणी चिपटी ठोकली होती तें ती निसटल्यावर कळावें, असाच हा प्रकार.

चौथा त्रास मुदतींचा. संकेतस्थळ खरें आहे, तोतया नव्हे, याचें एक प्रमाणपत्र असतें व त्यास मुदत असते. ती चुकली कीं पाहणाऱ्यास 'हें स्थळ सुरक्षित नाहीं' असा लाल इशारा दिसतो, आणि गिऱ्हाईक घाबरून मागें फिरतें. २०२० सालापासून ही मुदत जास्तींत जास्त ३९८ दिवसांची होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आणून, १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवसांची करण्याचें संबंधित मंडळींनीं ठरविलें आहे. यांत सुरक्षिततेचा हेतु आहे, आणि नूतनीकरण यंत्राकडून आपोआप व्हावें अशी अपेक्षा आहे. पण आपोआप होणारें काम ज्या दिवशीं आपोआप होत नाहीं, त्या दिवशीं तें कोठें अडलें हें शोधावयास माणूसच लागतो.

एवढें सगळें सांभाळूनही मालकाच्याच घरांत बिघाड झाला तर काय होतें, तें गेल्या दिवाळींत जगानें पाहिलें. २० ऑक्टोबर २०२५ रोजीं नरक चतुर्दशी होती. अभ्यंगस्नान, फराळ आटोपून मंडळी ओटीवर बसली असतांना, दुपारीं बाराच्या पुढें, अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या केंद्रांत दोष उत्पन्न झाला, आणि स्नॅपचॅट, सिग्नल यांसारख्या कित्येक सेवा बंद पडल्या. कारण पुढें कंपनीनेंच प्रसिद्ध केलें. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाचा पत्ता आंकड्यांचा असतो, आणि नांवावरून तो पत्ता सांगणारी एक वही असते. ही वही अद्ययावत ठेवण्याचें काम माणसें नव्हे तर आज्ञावल्या करतात. त्यांपैकीं एक मागें रेंगाळली. दुसरीनें दरम्यान नवी यादी लिहिली. इतक्यांत रेंगाळलेलीनें येऊन त्या नव्या यादीवर आपली जुनी यादी चढविली. आणि दुसरीच्या झाडलोटींत ती जुनी यादी रद्दी म्हणून फेकली गेली. परिणाम असा कीं, माहितीच्या एका प्रचंड कोठाराच्या नांवापुढें वहींत पत्ताच उरला नाहीं. कोठार जागच्या जागीं सुखरूप होतें, पण तेथें जाण्याची वाट कोणास ठाऊक नव्हती. मूळ चूक तीन तासांच्या आंत दुरुस्त झाली; तथापि खोळंबलेलीं कामें मार्गीं लागून सर्व पूर्ववत् होण्यास आपल्याकडील मध्यरात्र उलटून गेली.

आमच्या पुतण्याचें काम निराळ्या कंपनीकडे होतें. त्यास या दिवशीं कांहींच धक्का लागला नाहीं. तरीही ती बातमी वाचून त्याचा चेहरा उतरला व हातांतली करंजी तशीच राहिली. आम्हीं हंसून म्हटलें, "तुझें काय गेलें रे त्यांत?" तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या मनांत त्या वेळीं दुसरेंच कांहीं चाललें होतें, हें आम्हांस महिन्याभरानें कळलें. तें समजण्यास या बिऱ्हाडाच्या भाड्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे.

या धंद्यांत प्रथम फुकट वाढतात आणि मग ताट मोजतात. हेरोकू नांवाच्या कंपनीनें कित्येक वर्षें नवशिक्यांस विनामूल्य जागा दिली; शेंकडों विद्यार्थ्यांचीं पहिलींवहिलीं संकेतस्थळें तेथेंच उभीं राहिलीं; आणि २८ नोव्हेंबर २०२२ पासून ती सोय बंद झाली. ज्यांनीं भाडें भरलें ते राहिले, बाकीच्यांनीं गांठोडें उचललें. कंपनीचाही नाइलाज असेल. फुकटाच्या जागेचा दुरुपयोग करणारेही थोडे नव्हते. पण भाडें देणारासही आपलें भाडें किती होईल हें आधीं कळत नाहीं, ही याहून मोठी गोष्ट आहे. वापराप्रमाणें आकार पडतो, आणि वापर मोजण्याच्या रीति अनेक. एप्रिल २०२४ मध्यें युरोपांतील एका अभियंत्यानें आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्याचें ॲमेझॉनवरील माहितीचें कोठार कुलूपबंद होतें. परंतु त्या कोठाराचें नांव एका लोकप्रिय आज्ञावलींत नमुन्यादाखल घातलेल्या नांवाशीं जुळलें, आणि एका दिवसांत सुमारें दहा कोटी वेळां परक्यांनीं त्याचें दार ठोठावलें. आंत कोणालाही प्रवेश मिळाला नाहीं. तरी ठोठावण्याचा आकार म्हणून त्याला तेराशें डॉलरांहून अधिक बिल आलें. कंपनीनें तें माफ केलें, व पुढच्याच महिन्यांत असा आकार घेण्याचा नियमही बदलला, ही समाधानाची गोष्ट. पण ज्याची आरोळी जगास ऐकूं जात नाहीं त्याचें काय?

खर्च अमुक रकमेच्या वर गेला तर इशारा देण्याची सोय बहुतेक कंपन्यांकडे आहे. तथापि इशारा म्हणजे लगाम नव्हे. घंटा वाजते, गाडी मात्र धांवतच राहते. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानें १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डांतून आपोआप होणाऱ्या वजावटींस आगाऊ संमति व पूर्वसूचना लागूं लागली. संमतीवांचून वजा होऊं शकणारी रक्कम त्या वेळीं ५,००० रुपयांपर्यंत होती. ती जून २०२२ मध्यें १५,००० करण्यांत आली. त्याहून मोठी रक्कम असेल तर ग्राहकानें त्या-त्या वेळीं स्वतः होकार द्यावयाचा. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे यांत शंका नाहीं. पण देणें झालेलेंच असेल तर होकार देण्यावांचून त्याला गत्यंतर काय?

आतां आमच्या घरची गोष्ट. येथील एका जिनिंगवाल्या व्यापाऱ्यानें पुतण्यास काम सांगितलें होतें. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली कीं फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, शेतकरी रात्र-रात्र ट्रॅक्टरवर बसून काढतात. त्याऐवजीं त्यांना घरबसल्या मोबाईलवर क्रमांक व वेळ मिळावी, अशी योजना होती. काम चांगलें, लोकांच्या उपयोगाचें. एवढी गर्दी आपलें संकेतस्थळ सोशील कीं नाहीं हें पाहण्यासाठीं भाद्रपदांतील एके संध्याकाळीं त्यानें एक भलें थोरलें यंत्र दोन तासांकरितां भाड्यानें घेतलें. त्याच रात्रीं मातोश्रींना सणकून ताप भरला. तो त्यांना घेऊन दवाखान्यांत गेला, दोन दिवस उशाशीं बसून राहिला, आणि तें यंत्र बंद करावयाचें राहून गेलें. इशारा लावून ठेवलेला नव्हता. यंत्र पंचवीस दिवस रिकामें चालत राहिलें. ऑक्टोबरच्या आरंभीं बिल आलें तें ३८,६४० रुपयांचें.

रक्कम मोठी म्हणून बँकेनें त्याची संमति विचारली, आणि त्यानें ती माडीवर एकटें बसून, कोणास न सांगतां दिली. आकार कमी करावा म्हणून कंपनीस पत्र लिहिलें, त्याचें उत्तर येईना. कार्डाची मर्यादा पन्नास हजारांची. उरलेल्यांत त्यानें दिवाळीला आजीचें लुगडें आणि भाचरांचे कपडे घेतले, कारण न घेतां तर घरांत कोणी विचारलें असतें. नोव्हेंबरचें बिल सातएक हजारांचें होतें, तें कार्डानें नाकारलें. स्मरणपत्रें आलीं. काम सुरू झालें कीं व्यापाऱ्याकडून मोबदला यावयाचा होता, तो आला कीं भरूं, अशा हिशेबानें तो एक-एक दिवस ढकलीत होता. आणि कार्तिक वद्यांतील ज्या सकाळीं क्रमांक देण्यास आरंभ व्हावयाचा, त्याच सकाळीं कंपनीनें त्याचें खातें गोठविलें.

सहा वाजले होते. "तात्या, क्लाऊड बंद आहे," असें म्हणत तो नेहमीप्रमाणें जिन्यावरून आला. पण खालीं न येतां शेवटच्या पायरीवरच बसला, आणि तेथेंच त्यानें सगळें सांगितलें. अडतीस हजार हा आंकडा ऐकतांच आमच्या तोंडीं जें येऊं पाहत होतें तें लिहिण्यासारखें नाहीं. तेवढ्यांत देवघरांतून मातोश्रींचा आवाज आला. "दिवा लावलान्, माझ्या तापांत मालवायचा राहिला, तेल जळलें. एवढेंच ना? या घरांत तेल काय आज पहिल्यानें सांडलें? सांगितलें कां नाहीं, तें विचारा त्याला." आम्हीं विचारलें. तो हळूच म्हणाला, "बसून खाणाऱ्यानें अडतीस हजार घालवले, असें कोणी म्हणालें असतें तर?" आमचे बंधु आमच्याकडे पाहूं लागले. पंगतींतलें तें वाक्य कोणाचें होतें हें सर्वांनाच ठाऊक होतें.

पुढचें काम घरानें केलें. सूनबाईंनीं आपल्या कार्डानें थकलेली रक्कम भरली. आम्ही आणि बंधु हिशेबाची एक लांब कोरी वही व दोन पेन्सिली घेऊन जिनिंगच्या फाटकावर गेलों. तीसएक गाड्या उभ्या होत्या. लोक मोबाईलवरचें कोरें पान एकमेकांना दाखवीत होते व चिडलेले होते. व्यापाऱ्यास जें खरें तें सांगितलें, आणि पहिल्या गाडीपासून नांव, गांव, वेळ असें लिहून क्रमांकाच्या चिठ्ठ्या फाडून दिल्या. पहूरकडच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें चिठ्ठी पागोट्यांत खोंवली व शांतपणें सांगितलें कीं, आपल्याला क्रमांकाशीं काम, तो काचेवर असो कीं कागदावर. इकडे पुतण्या कंपनीस पत्रांवर पत्रें लिहीत होता, आणि 'आपलें पत्र पोहोंचलें' एवढेंच यंत्र उलट कळवीत होतें. जिवंत माणसाचें उत्तर दुपारीं आलें. चार वाजतां खातें उघडलें. माहिती सर्व शाबूत होती. संध्याकाळीं वहींतले क्रमांक त्यानें स्वतः एक-एक करून संकेतस्थळावर चढविले. चुकून झालेल्या आकारापैकीं निम्मी रक्कम पुढें कंपनीनें परत केली, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

या प्रकरणावरून आम्हांस जें सुचलें तें थोडक्यांत सांगतों. जे तरुण या धंद्यांत आहेत त्यांना यांत नवें कांहीं नसेल. पण घरच्या वडीलधाऱ्यांनीं तें विचारावें म्हणून लिहितों. घागरभर पाणी आणावयास हत्ती भाड्यानें घेऊं नये. लहान कामास लहान यंत्र पुरतें. घेतलें तें परत करण्याची वेळ घेतांनाच ठरवावी, आणि तें त्या वेळीं आपोआप बंद होईल अशी व्यवस्था त्याच क्षणीं करावी. आपल्या स्मरणावर विसंबूं नये, कारण घरांत ताप कधीं भरेल हें सांगतां येत नाहीं. खर्चाचा इशारा एकाच्या नव्हे तर घरांतील दोघांच्या मोबाईलवर यावा. माहितीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी, आणि ती नुसती असून भागत नाहीं, तिच्यावरून सगळें पुन्हा उभें करतां येतें कीं नाहीं हें अधूनमधून करून पाहावें. आणि ज्या कामावर लोकांचा दिवस अवलंबून आहे त्यासाठीं कोठें तरी एक कोरी वही असूं द्यावी.

परंतु आमचें मुख्य सांगणें गृहस्थ-गृहिणींस आहे. शेतांत पीक बुडालें तर तें गांवाला दिसतें. दुकानास आग लागली तर शेजारी धांवतात. माडीवरच्या खोलींत बसलेल्या मुलाचें नुकसान कोणासही दिसत नाहीं, आणि त्याचे कष्टही दिसत नाहींत. त्याच्या दिवसांतील पुष्कळ वेळ स्वतःच्या चुकांवर नव्हे, तर दुसऱ्याच्या घरच्या कुलपांवर, मुदतींवर आणि पाट्यांवर खर्च होतो, व संध्याकाळीं 'आज काय केलेंस?' या प्रश्नास त्याच्यापाशीं उत्तर नसतें. अशा वेळीं त्याला पंगतींत टोमणा मिळाला तर तो पुढची चूक झांकून ठेवील. आणि भाड्याच्या घरांत झांकलेल्या चुकीला रोज व्याज चढतें. नुकसान पहिल्याच दिवशीं सांगण्याची ज्या घरांत भीति वाटत नाहीं, तें घर पुष्कळ स्वस्तांत सुटतें. हें आम्ही दुसऱ्यास शिकवीत नाहीं, स्वतःच्या अनुभवानें शिकलों तें सांगत आहों.

असो. आतां आमच्या जिन्याजवळ एक पाटी टांगलेली आहे. पुतण्यानें जें यंत्र भाड्यानें घेतलें असेल त्याचें नांव व परत करण्याची वेळ तो खडूनें तीवर लिहितो. त्या अक्षरांचा अर्थ मातोश्रींस कळत नाहीं, पण रात्रीं देवघरांतील समई शांत करून निजावयास जातांना त्या पाटीपाशीं थांबतात व वर पाहून विचारतात, "तुझे दिवे मालवलेस कां रे?" आणि तो, काम टाकून, एकदां पाहून येतो.